हेवी संगीतात बेस गिटारचे वजन कसे राखावे? कोकणात कार्यक्रम करणाऱ्यांशी चर्चा

मंद्रतार, कुडाळ

नमस्कार. आमचा चार जणांचा बँड आहे: दोन गिटार, ड्रम आणि बेस. बेस माझ्याकडे असतो. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा आणि लग्नसराईचा हंगाम सुरू झाला की कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत आणि अधूनमधून गोव्यातल्या बारमध्ये आम्ही वाजवतो. कार्यक्रमाचा बराचसा भाग ओळखीच्या हिंदी-मराठी गाण्यांचा असतो आणि तीही आम्ही मनापासून वाजवतो. मात्र आम्हाला एकत्र आणले ते हेवी संगीताने. यजमानांनी मोकळीक दिली की ब्लॅक सॅबथ व आयर्न मेडन या ब्रिटिश बँडची गाणी आणि आमच्या स्वतःच्या रचना असा तासाभराचा भाग आम्ही सादर करतो.

हे संगीत मला इतके का आवडते, ते आधी सांगतो, कारण माझे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या करून बसवल्या, बारीक तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून घेतली, म्हणजे तारांचा ताण आणखी कमी झाला. त्याच्याबरोबर बँडचा बेसवादक गीझर बटलरनेही बेस खाली उतरवला. हा बटलर मुळात गिटार वाजवणारा; बँडच्या गरजेपोटी त्याने बेस हाती घेतला. त्याचे वाजवणे लक्ष देऊन ऐकले तर तो कधी गिटारच्या रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या स्वरवाक्याला, चिकटून चालतो, आणि गिटार एका स्वरावर थांबली की खालून स्वतःची वाट काढतो. त्या दोन्हींमुळे जे वजन तयार होते ते छातीत जाणवते. बेस वाजवायला मी त्याच्यामुळे लागलो.

आता अडचण अशी आहे की तालमीच्या खोलीत जे वजन मिळते ते कार्यक्रमात टिकत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मोकळ्या जागेत वाजवले की बेस हवेत विरून जातो, आणि पत्र्याच्या छपराच्या मंगल कार्यालयात त्याचा नुसता घुमारा होतो, कोणता स्वर वाजला तेही कळत नाही. डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारे, पेडल दाबले की धार येते, पण तळ निघून जातो. गिटारवाले मित्र आता आणखी खालच्या ट्युनिंगचा आग्रह धरत आहेत, तेव्हा पाच तारांचा बेस घ्यावा की चार तारांचाच खाली उतरवावा, हाही निर्णय व्हायचा आहे. ज्यांनी आपल्याकडच्या सभागृहांत, मांडवांत आणि किनाऱ्यांवर हे संगीत वाजवले आहे किंवा त्याची ध्वनियोजना सांभाळली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

साउंडकट्टा, रत्नागिरी

मी ध्वनियोजनेचा व्यवसाय करतो आणि भजनापासून रॉकपर्यंत सर्व प्रकारच्या कार्यक्रमांत मिक्सरवर बसतो, त्यामुळे तुमचे दोन्ही अनुभव माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत.

बेसची सर्वांत खालची ई तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. हवेत त्याची तरंगलांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की भिंतीवर आदळून परत येणारा ध्वनी भिंतीपासून दोन मीटरच्या आसपास मूळ ध्वनीला मारतो. श्रोता तिथे उभा असेल तर त्याला तो स्वर क्षीण ऐकू येतो, आणि अगदी भिंतीला टेकला तर तोच स्वर अंगावर येतो. तुमच्या कॅबिनेटलाही, म्हणजे स्पीकरच्या पेटीलाही, हाच नियम लागू आहे. पुष्कळ बँड स्टेजच्या मागच्या भिंतीपासून दोनएक मीटर पुढे कॅबिनेट ठेवतात, कारण तिथे जागा सोयीची असते, आणि नेमका तळ तिथेच हरवतो. कॅबिनेट मागे सरकवून भिंतीच्या जवळ ठेवा. तळ परत येईल. मग ॲम्पवरचा बेसचा खटका उलट कमी करावा लागेल, आणि ते चांगलेच आहे.

किनाऱ्यावर भिंतच नसते. परतून येणारा ध्वनी नाही, त्यामुळे खालचा भाग समुद्राकडे निघून जातो, आणि वादक स्वाभाविकपणे बेस वाढवत राहतो. माझा आग्रह असा आहे की अशा ठिकाणी ७०० ते १००० हर्ट्झचा मधला भाग वाढवावा. बेस ऐकू येतो तो बव्हंशी त्याच्या वरच्या अंशस्वरांमुळे, म्हणजे मूळ स्वराबरोबरच उमटणाऱ्या वरच्या पटींच्या स्वरांमुळे. ते स्पष्ट पोहोचले की मूळ स्वर दुबळा असला तरी कान तो भरून काढतो. हेवी संगीतात हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण दोन गिटार डिस्टॉर्शनसह वाजू लागल्या की बाकीची सगळी जागा त्या व्यापतात. मेटॅलिका या बँडच्या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेत बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, याची चर्चा या संगीताच्या चाहत्यांत अजून चालते. तिथे तो मिक्समध्येच खाली ठेवला गेला होता. पण आपल्या कार्यक्रमांत कोणी मुद्दाम काही न करताही तीच अवस्था होते, कारण बेस आणि गिटार दोघेही मधला भाग कापून टाकतात आणि नंतर एकमेकांना शोधत बसतात.

पत्र्याच्या छपराखालच्या घुमाऱ्यासाठी दोन गोष्टी सांगतो. मिक्सरवर बेसच्या चॅनलला ३५ ते ४० हर्ट्झच्या खाली हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारी गाळणी, लावून घ्या. आपल्याकडे भाड्याने मिळणारे सबवूफर त्या खाली काही उपयोगाचे वाजवत नाहीत, फक्त ॲम्प्लिफायरची ताकद खातात. नंतर २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात हळूहळू शोधत जा. जिथे छप्पर थरथरते तिथे थोडे कमी करा. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस यांपैकी सर्वांत खाली कोण बसणार, हे तालमीतच ठरवून या. दोघांनाही तळाची तीच जागा दिली तर दोघेही अस्पष्ट होतात, मग मिक्सरवर कितीही कौशल्य पणाला लावले तरी त्यातून स्वच्छता येत नाही.

पखवाजी, वेंगुर्ला

मी गिटार वाजवत नाही. दशावतारात आणि डबलबारीच्या भजनांत पखवाज वाजवतो. माझा पुतण्या तुमच्यासारख्या एका बँडमध्ये असल्यामुळे त्यांच्या तालमी ऐकतो, आणि मला ते संगीत आवडते, हे मोकळेपणाने सांगतो. वयाने मोठ्या माणसांना असे संगीत आवडत नाही, हा समज खरा नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला आम्ही कार्यक्रमापूर्वी कणिक लावतो. कणिक भिजवताना ती सैल ठेवावी लागते. मधोमध गोल थापून, बोट ओले करून कडा चामड्याला चिकटवून घ्याव्या लागतात, आणि मग एकेक थाप मारून ऐकत चिमटीभर वाढवायची किंवा काढायची. कमी पडली तर डावे तोंड पोकळ वाजते. जास्त झाली तर आवाज खाली जातो खरा, पण तो उठत नाही, जागच्या जागी मरतो. कार्यक्रम लांबला की कणिक सुकू लागते आणि स्वर वर चढतो, म्हणून मध्येच ओला हात फिरवावा लागतो. खालचा आवाज मिळवणे आणि तो खालचा आवाज चालता ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आम्हाला हाताने शिकवलेले असते.

पुतण्याच्या बँडमध्ये मला एक गोष्ट जाणवली. गिटारवाला तळवा टेकवून तारा दाबत वाजवतो, तुटक, आणि ड्रमवाला त्याच तुटकपणावर किक टाकतो. पण बेसवाला स्वर सोडून देतो आणि तो पुढच्या मात्रेपर्यंत वाहत राहतो. दोघांनी ठेवलेली पोकळी तिसरा भरून टाकतो. मी त्याला सांगितले की स्वर कुठे सुरू होतो यापेक्षा कुठे थांबतो ते ऐक. त्याने डाव्या हाताचे बोट सैल करून स्वर गिटारबरोबरच तोडायला सुरुवात केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो ठेका अंगावर आला. आवाज वाढवला नव्हता. मंद्रतार यांनी विचारलेल्या वजनाचे निम्मे उत्तर मला इथे दिसते.

पाचवी तार, अलिबाग

पखवाजी काकांच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला धरूनच पुढे लिहिते.

मी पाच तारांचा बेस वाजवते. खालची बी तार साधारण ३१ हर्ट्झची असते. साउंडकट्टा यांनी सांगितलेला ३५-४० चा हाय-पास लावला तर या तारेचा मूळ स्वर सभागृहात जवळजवळ पोहोचतच नाही. लोक ऐकतात तो ६२ हर्ट्झचा त्याच्या वरचा अंशस्वर. म्हणून पाचवी तार घेतली की आपोआप वजन वाढेल, असे समजून कोणी खर्च करू नये. ती घ्यायची तर तिच्यावरचे स्वर गिटारच्या खाली एक सप्तक नेमके बसतात आणि हात वरखाली न पळवता वाजवता येतात, यासाठी घ्यावी. गिटारवाले फक्त ड्रॉप-डी पर्यंतच, म्हणजे सर्वांत खालची तार ई वरून डी वर उतरवण्यापर्यंतच, जाणार असतील तर चार तारांच्या बेसची ई तार एक स्वर उतरवून ३६.७ हर्ट्झवर आणणे पुरेसे आहे. त्याहून खाली, म्हणजे सी किंवा बी पर्यंत जायचे असेल तर नेहमीच्या .१०५ इंच जाडीच्या तारेत ताणच उरत नाही. ती फ्रेटवर आपटते आणि जोरात छेडली की आधी स्वर वर जातो, मग खाली येतो. अशा वेळी सर्व तारा एकेक पायरी जाड घ्याव्यात, बीसाठी .१३० च्या आसपासची. त्याबरोबर नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) खाचा जाणकाराकडून रुंद करून घ्याव्या लागतात आणि ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा स्वर बिनचूक लागण्याची जुळणी, पुन्हा लावावे लागते. खाच अरुंद राहिली तर तार वर बसते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर प्रत्येक स्वर चढा लागतो.

डिस्टॉर्शनमुळे तळ जातो, त्याचा उपाय म्हणजे आवाजाचे दोन भाग करणे. एक भाग स्वच्छ ठेवायचा, फक्त कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारे उपकरण) लावून. दुसऱ्याचा तळ कापून त्यालाच डिस्टॉर्शन द्यायचे. आणि दोन्ही पुन्हा एकत्र करायचे. आता पुष्कळ पेडलांवर यासाठी ब्लेंडचा (दोन्ही आवाज मिसळण्याचा) खटकाच असतो. मी तालमीत डिस्टॉर्शन पूर्ण बंद करून सुरुवात करते आणि बँड वाजत असतानाच ते हळूहळू वाढवते. बेस एकटा ऐकताना जी धार अतिशय वाटते, ती दोन गिटारांच्या मध्ये गेली की जेमतेम पुरते. त्यामुळे एकट्याने खोलीत बसून लावलेला आवाज कार्यक्रमात हमखास गुळगुळीत ठरतो.

याची दोन टोके ऐकायची असतील तर मोटरहेड बँडचा लेमी आणि आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस यांना पाठोपाठ ऐकावे. लेमीने रिकनबॅकर बेस मार्शल ॲम्पमधून मधला भाग भरपूर ठेवून वाजवला आणि त्यावर अनेकदा चक्क कॉर्ड धरले. तो जवळजवळ दुसरा गिटारवादक होता. हॅरिस प्लेक्ट्रम (तार छेडायची पट्टी) न घेता उजव्या हाताच्या बोटांनी घोडदौडीचा ठेका वाजवतो, चपट्या वळणाच्या तारांवर, आणि तरीही टोकदार टणत्कार येतो, कारण त्याचा हात जोरकस आहे. दोघांच्या आवाजात साम्य फारसे नाही, पण दोघांनाही गिटारांच्या गर्दीतून वेगळे ओळखता येते.

एक गोष्ट विषयाला लागूनच असल्यामुळे लिहिते. मी बेस घेऊन स्टेजवर चढले की यजमान मंडळी बहुधा गाण्याचा माइक माझ्यासमोर आणून ठेवतात. बेस वाजवणाऱ्या मुली आपल्या किनाऱ्यावर आणखी असतील तर त्यांनी या धाग्यावर जरूर लिहावे. मला त्यांच्याशी तारांच्या जाडीबद्दल आणि बोटांच्या घट्ट्यांबद्दल बोलायला फार आवडेल.

जुना वाद्यवृंद, चिपळूण

मी वाद्यवृंदात बेस वाजवत असे. आता हेवी संगीत ऐकतो अधिक, वाजवतो कमी. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा कोकणातून रेल्वेने गेलेल्यांपैकी मी एक आहे. त्या गर्दीत मराठी कितीतरी कानांवर पडत होती. तोपर्यंत मला वाटे की हे संगीत आपल्या भागात मी आणि दोन-तीन मित्रच ऐकतो.

बेस ऐकू न येण्याची तक्रार या वाद्याच्या जन्मापासूनची आहे. मोठा उभा डबल बेस वाद्यवृंदाच्या गजरात बुडून जाई आणि तो नेणे-आणणेही जिकिरीचे असे. त्यावर तोडगा म्हणून लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे स्वर नेमका लागे आणि वाद्य गळ्यात अडकवता येई. पुढे १९६९ मध्ये ॲम्पेगने ३०० वॅटचा एसव्हीटी ॲम्प आणला, तेव्हा मोठ्या स्टेजवर बेसला खरी ताकद मिळाली. इतका जड ॲम्प एसटीने किंवा रेल्वेने नेणे आपल्याला शक्य नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. चांगला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी पेटी) आणि स्वतःचा प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी आवाज घडवणारे उपकरण) पिशवीत असला की कुठल्याही गावच्या मिक्सरमध्ये तुमचा आवाज तसाच जातो. कॅबिनेट फक्त स्वतःला आणि ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरते ठेवावे.

माझी दुसरी सूचना कार्यक्रमाच्या क्रमाविषयी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. बंदिस्त सभागृहाची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक बँड हेवी भाग शेवटी ठेवतात, आणि पाहुण्यांची भाषणे लांबली की नेमका तोच कापला जातो. मंद्रतार, तुम्ही तो भाग मध्यावर आणा. साडेआठला श्रोते ताजे असतात, मुलेबाळे जागी असतात, आणि त्या मुलांतूनच पुढे कोणीतरी बेस मागणार असते. शेवटची ओळखीची गाणी दोन कमी झाली तरी कोणी रागावत नाही.

मंद्रतार, कुडाळ

सर्वांचे मनापासून आभार. पखवाजी काकांची सूचना आम्ही कालच्या तालमीत अमलात आणली. आमच्या एका रचनेत संथ रिफ आहे, त्यात गिटार दोन मात्रा पूर्ण थांबते. तिथे मी आजवर स्वर धरून ठेवत असे, काल तो गिटारबरोबर तोडला आणि किकवर पुन्हा उचलला. ड्रमवाल्याने वाजवणे न थांबवता नुसते मान हलवून सांगितले की हेच हवे. डिस्टॉर्शनचा स्वच्छ भाग वेगळा ठेवण्याची व्यवस्था या आठवड्यात करतो, आणि गिटारवाल्यांशी बोलून ड्रॉप-डी वरच थांबायचे ठरवले आहे. बेस चार तारांचाच राहील.

दोन शंका अजून आहेत. पावसाळ्यात वाद्य कसे सांभाळावे? आणि जनरेटरवर वाजवताना माइकला ओठ लागले की झिणझिणी येते, त्याचे काय करावे?

पाचवी तार, अलिबाग

पावसाळ्याचे मी सांगते. माझ्या घरी जून ते सप्टेंबर बेस भिंतीवर टांगलेला नसतो. तो कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतो, आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, म्हणून पट्टा केसबाहेर ठेवते. लाकूड दमट हवेत हलते, तेव्हा मानेचा बाक पाहून घ्यावा. पहिली फ्रेट आणि मान जिथे अंगाला जोडली जाते तिथली फ्रेट, अशा दोन्ही ठिकाणी तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघावी. नेहमीचे व्हिजिटिंग कार्ड तिथे तार न उचलता जेमतेम सरकले तर ठीक. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे.

किनाऱ्यावर वाजवल्यानंतर तारा वरून आणि खालूनही पुसाव्यात, कारण खारी हवा आणि घाम दोन्ही खालच्या बाजूने साचतात. स्टेनलेस स्टीलच्या तारा निकेलपेक्षा गंजाला जास्त टिकतात. ब्रिजवरचे बारीक स्क्रू गंजून जाम झाले की उंची बदलता येत नाही. त्यांना हंगामाच्या आधी तेलाचा एकेक थेंब द्यावा. बेस ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) असेल तर कार्यक्रमानंतर केबल काढून ठेवा, कारण केबल जोडलेली असेपर्यंत आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. आणि पावसाळ्यात बॅटरी बाहेर काढूनच ठेवणे बरे.

साउंडकट्टा, रत्नागिरी

ती झिणझिणी किरकोळ समजू नका. बेसच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या अर्थिंगला. या दोहोंत फरक पडला की तुमचे हात आणि ओठ यांच्यामधून प्रवाह जातो. आपल्याकडे जनरेटरला अर्थिंगची सळई ठोकलेलीच नसते, किंवा कोरड्या वाळूत नुसती खोचलेली असते. ती ओल्या जमिनीत खोल जायला हवी. ॲम्प आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील अशी जोडणी मागा. वाजवण्यापूर्वी माइकची जाळी आणि बेसची तार यांमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. काटा किंवा आकडा हलला तर दुरुस्ती होईपर्यंत वाद्याला हात लावू नका, मग आयोजक कितीही घाई करोत.

गुणगुण घालवण्यासाठी काही जण ॲम्पच्या थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकतात. हे कधीही करू नये, त्यात माणूस दगावतो. गुणगुण डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या खटक्याने घालवावी. तो फक्त सिग्नलच्या केबलमधला अर्थ तोडतो, विजेचा अर्थ तसाच राहतो.

जाता जाता कानांचे सांगतो, कारण तुम्ही सगळे ड्रमच्या झांजांशेजारी उभे राहता. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटेच. तुमचा तासाभराचा भाग त्यात बसत नाही. वादकांसाठीचे फिल्टर असलेले इअरप्लग मिळतात, त्यांतून आवाज सर्व पट्ट्यांत साधारण सारखा कमी होतो आणि बेसचा तळ स्पष्ट ऐकू येतो. तालमीपासूनच ते घालून वाजवा, म्हणजे कार्यक्रमात परके वाटणार नाहीत. कुडाळकडे तुमचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे ते कळवा. मी त्या बाजूला असलो तर मल्टिमीटर घेऊन ध्वनिचाचणीला येतो.